पुस्तकातले बाबा, पिक्चरमधले बाबा

३ मार्च, सोमवार

ही वही कंपनीने जानेवारीत दिली. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत 'तुमचा प्रवास, आमची काळजी' असं छापलंय. दोन महिने मी तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. आज उघडली, कारण आज घरात एक घटना घडली, आणि ती कुणाला सांगितली तर लोक म्हणतील, यात काय विशेष?

ठिणगी माझ्याशी आपणहून बोलली.

ठिणगी हे तिचं खरं नाव नव्हे, मी मनातल्या मनात ठेवलेलं. ती माझ्या बायकोची मुलगी, वय चौदा. आमच्या लग्नाला आठ महिने झाले. माझं पहिलंच, तेही सत्तेचाळिसाव्या वर्षी. हिचं दुसरं. हिचा पहिला नवरा चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला. मी एक बॅग आणि हत्यारांची पेटी घेऊन या दोघींच्या घरात राहायला आलो. तेव्हापासून ठिणगी मला 'काका' म्हणते, अहो-जाहो करते, मीठ मागितलं की मीठ देते. तक्रारीला जागा नाही. पण लिफ्टमध्ये दोन अनोळखी माणसं उभी असतात ना, दोघंही दारावरच्या आकड्यांकडे बघत, तसं आमचं चाललंय. लिफ्ट दुरुस्त करणं हेच माझं काम, त्यामुळे असल्या उपमा मला लगेच सुचतात.

तर आज संध्याकाळी मी बूट काढत होतो, तेवढ्यात ती समोर येऊन उभी राहिली.

"काका, तुम्हाला लिफ्टमधलं सगळं कळतं ना?"

"पोटापुरतं कळतं."

"मग आकाशात जाणाऱ्या लिफ्टमधलं कळेल?"

"किती मजल्यांची?"

"छत्तीस हजार."

"बाप रे. देखभालीचं कंत्राट कोणाकडे आहे?"

ती हसली नाही. पण हसू दाबलं, एवढं मी नक्की पाहिलं.

प्रकरण असं, की आमच्या भागातल्या लायब्ररीत 'पुस्तक की पिक्चर' नावाची स्पर्धा आहे. एकाच घरातली जोडी हवी, एक मोठं आणि एक शाळकरी. एकाने पुस्तकाची बाजू घ्यायची, दुसऱ्याने त्यावरून काढलेल्या पिक्चरची. प्रत्येकी पाच मिनिटं. ठिणगीने पुस्तक निवडलंय 'छत्तीस हजार मजले'. किशोरांसाठीची विज्ञान कादंबरी आहे. तिचा पिक्चर पुढच्या आठवड्यात लागतोय. ही हॉस्पिटलात नर्स, स्पर्धेच्या दिवशी हिची ड्युटी. म्हणून मी. म्हणजे नाइलाजाने. पण लिफ्ट बंद पडल्याशिवाय लोकांना मी आठवत नाही, तेव्हा नाइलाजाची मला सवय आहे.

मी पिक्चरच्या बाजूने. ते तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

५ मार्च, बुधवार

पुस्तक मागितलं. तिच्याकडे आहे, कपाटात, वरच्या खणात. पण तिने ते काढून छातीशी धरलं आणि म्हणाली, "हे नको. तुम्ही लायब्ररीतलं घ्या."

बरोबर आहे. माझ्या हातांना ग्रीस असतं. मी दुपारीच लायब्ररीत गेलो. ग्रंथपालबाईंनी माझ्या खिशावरचं कंपनीचं चिन्ह पाहून विचारलं, "आमच्याकडे लिफ्ट कुठे आहे?" म्हटलं, पुस्तक हवंय. त्यांनी चष्मा खाली सरकवून मला नीट पाहून घेतलं. लहानपणी मी पुस्तक हरवून दंड भरला होता, ते यांना कसं कळलं असेल, असं उगाच वाटलं.

८ मार्च, शनिवार

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत वाचतोय. मशीन रूममध्ये, उलट्या बादलीवर बसून.

पुस्तक चांगलं आहे हो! जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटर वर एक स्टेशन. तिथपर्यंत एक दोर. त्या दोरावरून डबा वर जातो, सहा दिवस लागतात. नायिका तेरा वर्षांची, तिचे बाबा त्या डब्याचे चालक. शाळेला सुट्टी म्हणून ती त्यांच्याबरोबर निघालीय. बापलेकींचे वाद सुरुवातीपासून चालू, कारण डब्यात खिडकी एकच आणि दोघांनाही तिथेच बसायचंय.

लेखकाने वेगनियंत्रकाचं वर्णन इतकं अचूक केलंय, की हा माणूस एकदा तरी आमच्या धंद्यात असणार. डबा प्रमाणाबाहेर जोरात सुटला की हे यंत्र दोर पकडतं. लोकांना वाटतं लिफ्टचा दोर तुटला की संपलं. मी वीस वर्षं सांगतोय, तसं नसतं. कोणी ऐकत नाही. या लेखकाने दीड पान ऐकवलंय.

१० मार्च, सोमवार

वाचून संपलं. एकतीस प्रकरणं.

चौथ्या दिवशी अवकाशातला कचरा येऊन आदळतो आणि डब्याचा खालचा अर्धा भाग दोरात अडकतो. वरचा भाग मोकळा करायचा तर कुणीतरी खाली उतरून हुक सोडायला हवा. बाबा उतरतात. हुक सोडतात. वरचा भाग सुटतो, खालचा त्यांना घेऊन जातो. उरलेला दोन दिवसांचा प्रवास मुलगी एकटी करते. स्टेशनवर पोचते तेव्हा एक म्हातारा मिस्त्री दार उघडतो. 'किती जण?' तो विचारतो. 'एक,' ती म्हणते. तो पुढे काही विचारत नाही. आणि मग दोन पानांत पुस्तक संपतं.

हे वाचून झाल्यावर मी सातव्या मजल्याऐवजी नवव्यावर गेलो आणि एका बाईंचं नीट चालणारं बटण बदलून आलो.

घरी ठिणगीला म्हटलं, "वाचलं."

"मग?"

"वेगनियंत्रक फार छान लिहिलाय."

"वेगनियंत्रक," ती म्हणाली, आणि आत गेली.

१५ मार्च, शनिवार

पिक्चर पाहिला. आम्ही दोघंच. हिला सुट्टी मिळाली नाही.

पहिली गंमत म्हणजे नाव. पिक्चरचं नाव नुसतं 'छत्तीस हजार'. मी ठिणगीला म्हटलं, मजले बजेटमध्ये बसले नसतील. या वेळी ती हसली. खरंच हसली, आवाज करून. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं.

पिक्चर म्हणजे दणका आहे. पुस्तकातला दोर काळा, यांचा निळा चमकणारा. सहा दिवसांचा प्रवास दोन तासांत. तेरा वर्षांची मुलगी इथे सतरा वर्षांची, आणि वरच्या स्टेशनवर एक देखणा तरुण तिच्याशी रेडिओवर लाडात बोलतो. पुस्तकात त्या जागी हवामानखात्याचा कर्मचारी आहे. ब्रेक लागले की दर वेळी ठिणग्यांचा पाऊस. मी पुटपुटलो, "असे ब्रेक असतील तर लायसन्स रद्द." ती म्हणाली, "शू." पण दोन मिनिटांनी स्वतःच कुजबुजली, "पुस्तकात रेडिओचं उत्तर तासाने येतं, इथे लगेच कसं?" मी म्हटलं, "प्रेमात सगळं लगेच येतं." एकूण आमचं मस्त जमलं होतं.

शेवट मात्र त्यांनी बदललाय. स्टेशनवर दार उघडतं, आणि आत कोण? बाबा! खालच्या डब्यात एक आणीबाणीची होडी निघते म्हणे, त्यातून ते आधीच वर पोचलेले असतात. थिएटरात टाळ्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. बाजूला पाहिलं तर ठिणगी नाही. बाहेर गेलेली. पंधरा मिनिटांनी जिन्याजवळ सापडली, चेहरा पांढरा.

पॉपकॉर्न शिळं होतं. मला पहिल्या घासालाच शंका आली होती. मी काउंटरवर जाऊन त्या माणसाला चांगलं सुनावलं. त्याने एक मोठा डबा फुकट दिला. ठिणगीने त्याला हातसुद्धा लावला नाही.

१६ मार्च, रविवार

आज तालीम. जेवणाच्या टेबलावर, घड्याळ लावून.

ती पुस्तकाची बाजू घेणार, तिचे मुद्दे तयार होते, पाच. मी माझे मांडायला उभा राहिलो. काल रात्री झोपताना एक मुद्दा असा सुचला होता की बस्स. मी हात वर करून म्हटलं, "आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, पुस्तक संपतं तेव्हा एक मुलगी एकटी असते. पिक्चर संपतो तेव्हा तिला तिचे बाबा परत मिळालेले असतात. मी विचारतो, यात वाईट काय? लोकांना बरं वाटतं!"

ती उठली. "हे खोटं आहे," ती म्हणाली.

"मुद्दा कोणता खोटा?"

"सगळंच. ते परत येत नाहीत. कोणीच येत नाही. तुम्हाला काही कळत नाही काका."

खोलीचं दार धाडकन बंद झालं.

माझा मुद्दा तिला फारच लागला असं दिसतंय. म्हणजे मुद्द्यात दम आहे. पण स्पर्धेआधीच जोडीदाराला गप्प केलं, हे काही बरं झालं नाही.

१८ मार्च, मंगळवार

दोन दिवस काही बोलणं नाही. मीठ मागितलं, मीठ आलं. पण ते टेबलावर सरकवत.

आज एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबत होती. ना वर ना खाली. सगळं उघडून पाहिलं, वायरिंग ठीक, मोटर ठीक. शेवटी सापडलं, दाराच्या खोबणीत कुणाच्या तरी शर्टाचं बटण. तिथले केअरटेकर म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीने?" म्हटलं, एवढ्याशानेच होतं. घरातलं बटण कुठे अडकलंय ते मात्र मला दिसत नाहीये.

१९ मार्च, बुधवार

ही सकाळच्या ड्युटीवरून आली आणि मला म्हणाली, "बस जरा."

हिचं 'बस जरा' म्हणजे साधं नसतं. मी बसलो.

"तिच्याकडचं ते पुस्तक तिच्या बाबांनी आणलेलं आहे. ते आजारी होते तेव्हा रोज तिला एक प्रकरण वाचून दाखवायचे. ती पलंगावर त्यांच्या पायाशी बसायची. पुस्तकात जागोजागी त्यांनी पेन्सिलीने काय काय लिहिलंय, तिला हसवायला. एकोणीस प्रकरणं झाली."

मी विचारलं, "आणि पुढची?"

"पुढची तिने एकटीने वाचली. ते गेल्यावर. दहा वर्षांची होती."

विसावं प्रकरण मी काढून पाहिलं. त्यातच ते बाबा खाली उतरून हुक सोडतात.

मला माझं ग्रीसचं आठवलं. पॉपकॉर्नवाल्याशी घातलेला वाद आठवला. 'यात वाईट काय' म्हणून मी हात वर केला होता, तोही आठवला. हिला म्हटलं, "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"ती म्हणाली होती, काकांना सांगू नको, ते मग फार चांगलं वागायला लागतील."

हे मला समजलं नाही. चांगलं वागण्यात काय अडचण? पण हिला परत विचारायचा धीर झाला नाही.

२० मार्च, गुरुवार

सकाळी ठिणगी टोस्टला लोणी लावत होती. मी शेजारी उभा राहिलो. वाक्य पाठ करून आलो होतो, ते ऐन वेळी पळालं.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"मी सांगितलंच नव्हतं." तिने दुसऱ्या टोस्टला लोणी लावायला घेतलं.

"स्पर्धेतून नाव काढून घेऊ या आपण. मी ग्रंथपालबाईंना सांगतो, मला काम आहे म्हणून."

"नको."

"मग मी असं करतो, पुस्तकाच्याच बाजूने बोलतो. दोघंही पुस्तकाच्या बाजूने."

"बघा, आलं ना ते चांगलं वागणं." तिने सुरी खाली ठेवली. "काका, तुम्ही पिक्चरच्याच बाजूने बोलायचं. तसा नियम आहे. फक्त बाबांचं ते बोलू नका. दुसरं काहीतरी तुम्हाला खरंच आवडलं असेल ना? तेच बोला. माझ्यासाठी म्हणून काही बोलू नका."

"आणि काहीच नाही सापडलं तर?"

"मग पाच मिनिटं वेगनियंत्रकावर बोला." आणि तिने तो दुसरा टोस्ट माझ्या ताटलीत टाकला.

२२ मार्च, शनिवार

एकटाच जाऊन पिक्चर परत पाहिला. दुपारचा खेळ, अंगावर कामाचे कपडे, थिएटरात मी धरून नऊ माणसं. काउंटरवरच्या पॉपकॉर्नवाल्याने मला पाहिलं आणि आपणहून ताजं काढून दिलं. त्याची माफी मागितली. तो घाबरला.

निळा दोर, ठिणग्या, रेडिओवरचं प्रेम, सगळं वगळत गेलो. वहीत लिहायला काहीच उरेना. आणि मग तो सीन आला.

पहिल्या वेळी मी तो पाहिला होता, पण त्यात हसायला आलं म्हणून सोडून दिला. प्रवास सुरू व्हायच्या आधीचा आहे. पुस्तकात वरच्या स्टेशनचं दार उघडणारा तो म्हातारा मिस्त्री इथे खाली आहे, पोट सुटलेला, मिशा तोंडात जाणाऱ्या, जमिनीवरच्या स्टेशनात ब्रेकचे पॅड तपासत बसलेला असतो. मुलगी बाबांवर रागावून तिथे येते. तो तिला 'काय झालं' असं विचारत नाही. तिच्या हातात एक पाना देतो. पाना कसा धरायचा ते दाखवतो. मग दोघं शेजारी बसून सोळा पॅड तपासतात. एकेक. मध्ये तो आपला जेवणाचा डबा उघडतो आणि अर्धं तिच्यापुढे सरकवतो. पॅड संपतात. तो म्हणतो, 'आता हा डबा मला माहीत आहे तसा तुलाही माहीत आहे.' बस, एवढंच. पुस्तकात हे नाहीच. आणि त्या नटाने पाना खरोखर बरोबर धरलाय, अंगठा आत. शंभरात एखादाच नट तसा धरत असेल.

सापडलं. माझी पाच मिनिटं या मिस्त्रीवर. पूर्ण तांत्रिक विषय आहे, कुणाच्या भावना दुखायचा प्रश्नच नाही.

२९ मार्च, शनिवार

स्पर्धा झाली. सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

लायब्ररीच्या वाचनकक्षात खुर्च्या मांडलेल्या, चाळीसेक माणसं. परीक्षक एक निवृत्त मुख्याध्यापक. ग्रंथपालबाईंच्या हातात पितळेची घंटा, वेळ संपली की वाजवायची. आमच्या आधी एक आजोबा-नातू होते. आजोबांनी पिक्चर पाहिला नव्हता आणि पुस्तकही वाचलं नव्हतं, तरी ते पाच मिनिटं दोन्हींच्या विरुद्ध बोलले. टाळ्या त्यांनाच सगळ्यांत जास्त.

मग आम्ही. पहिला मी. मी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. वीस मजल्यांच्या खड्ड्यावर फळी टाकून मी उभा राहतो, तेव्हा काही धरत नाही.

मी म्हटलं, "पिक्चरने चुका खूप केल्यात. शेवट तर सपशेल चुकवलाय. त्यावर मी बोलणार नाही. मी एकाच गोष्टीवर बोलणार. पुस्तकात एक म्हातारा मिस्त्री आहे, तो तीन ओळींत संपतो. पिक्चरने त्याला एक दुपार दिलीय."

मग तो सीन सांगितला. पाना, अंगठा, सोळा पॅड, डबा.

"हा मिस्त्री त्या मुलीचा कोणी लागत नाही," मी म्हटलं. "तो तिची समजूतही घालत नाही. कारण ते त्याचं काम नाही, त्याला ते जमणारही नाही. त्याला ब्रेक कळतात. तर तो म्हणतो, चल, ब्रेक बघू. डबा वर जाईल तेव्हा हा माणूस त्यात नसणार, पण त्याने तपासलेले ब्रेक असणार. आमच्या धंद्यात असंच असतं. लोक लिफ्टमध्ये बसतात तेव्हा त्यांना आम्ही दिसत नाही. दिसायची गरजही नाही. पण असा माणूस गोष्टीत असायला हवा, असं मला वाटतं. लेखक विसरला. पिक्चरवाल्यांना आठवलं. माझं संपलं."

घंटा वाजायला दीड मिनिट बाकी होतं. मी एवढं तांत्रिक बोललो, तरी पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल का काढला, कळलं नाही.

ठिणगी उठली. तिच्या हातात पाच मुद्द्यांचा कागद होता. तिने तो पाहिला आणि घडी घातली.

"माझ्याकडे पाच मुद्दे होते," ती म्हणाली. "मी एकच सांगते. पुस्तकाचा शेवट खरा आहे. माणूस गेला की परत येत नाही, आणि लेखकाने तसं लिहायची हिंमत केली. मी हे पुस्तक आठ वेळा वाचलंय. पण..." ती थांबली. "पण त्या मिस्त्रीच्या तीन ओळी मी कधीच नीट वाचल्या नव्हत्या. तो 'किती जण' विचारतो. ती 'एक' म्हणते. आणि तो पुढे काही विचारत नाही. मला दर वेळी त्याचा राग यायचा. वाटायचं, याला काही पडलेलीच नाही. आत्ता वाटतंय, त्याला सगळं कळलेलं असतं, म्हणून तो विचारत नाही. म्हणजे लेखक विसरला नव्हता. काकांचा तेवढा मुद्दा चूक आहे. पण तो पिक्चरमुळे दिसला, हे बरोबर आहे."

आणि ती खाली बसली. माझ्या शेजारी. मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवायची तिची पद्धत, ती आज विसरली असावी.

निकाल: आम्ही सात जोड्यांत सहावे. मुख्याध्यापक म्हणाले, भाषणं उत्तम, पण नियमाप्रमाणे दोघांनी विरोध करायला हवा होता, तुम्ही एकमेकांना पाठिंबा दिलात, म्हणून दहा गुण कापले. सातवे आलेले आजोबा त्यांच्याशी अजून भांडत होते तेव्हा आम्ही निघालो.

६ एप्रिल, रविवार

सुट्टी. ठिणगीला बूट घ्यायला मी गाडीने नेत होतो. अर्ध्या वाटेत फोन. जवळच्याच इमारतीत लिफ्ट अडकलीय, आत सात वर्षांची मुलगी एकटी. आई पत्रपेटी उघडायला बाहेर पडली आणि दार लागलं. घाबरून रडतेय.

पाच मिनिटांत पोचलो. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. मशीन रूम गच्चीवर. मला वर जाऊन वीज तोडून, ब्रेक मोकळा करून, चाक हाताने फिरवून डबा मजल्याला आणायचा होता. केअरटेकर ब्रेकच्या दांड्याला आला. पण डबा मजल्याला आला की नाही, हे सांगायला दाराशी कोणीतरी हवं. आई बिचारी नुसती थरथरत होती.

"मी सांगते," ठिणगी म्हणाली. "फोन चालू ठेवा."

वर गेलो. फोन स्पीकरवर टाकून मोटरीवर ठेवला. केअरटेकरने दांडा ओढला, मी चाक फिरवायला घेतलं. हे काम सावकाशीचं, एका वेळी दोन बोटं डबा सरकतो. खालून त्या छोटीचं रडणं ऐकू येत होतं. आणि मग ठिणगीचा आवाज.

"ए, ऐक ना. तुला एक गोष्ट सांगू? एक मुलगी होती, तीही लिफ्टमध्ये होती. पण तिची लिफ्ट छत्तीस हजार मजले जायची."

रडणं जरा कमी.

"खोटं," आतून आवाज.

"खरं. त्यात एकच खिडकी होती आणि ती आणि तिचे बाबा त्यावरून भांडायचे."

मी चाक फिरवत होतो आणि ती सांगत होती. काळा दोर. सहा दिवस. कचरा आदळतो. छोटी आता अजिबात रडत नव्हती, प्रश्न विचारत होती. बाबा खाली उतरतात इथपर्यंत ठिणगी आली, आणि मला वाटलं, आता ही गोष्ट कुठेतरी वळवेल. तिने वळवली नाही. हुकसुद्धा सांगितला.

"मग?" आतून बारीक आवाज. "मग तिचे बाबा परत येतात का?"

माझे हात चाकावर थांबले. केअरटेकर म्हणाला, "काय झालं साहेब?" फोनमधून काहीच येत नव्हतं.

"येतात," ठिणगी म्हणाली. "खाली एक होडी असते, आणीबाणीची. तिच्यातून. ती वर पोचते, दार उघडतं, आणि समोर तेच उभे असतात."

"खरंच?"

"हो. आता तुझं दार उघडेल बघ. काका, अजून चार बोटं."

मी चार बोटं फिरवलं.

खाली आलो तोवर त्या आईने लेकीला इतकं घट्ट धरलं होतं, की पोरीचा एक बूट निघून पडला होता. ठिणगी तो बूट हातात घेऊन उभी होती. मी दाराच्या स्विचचा कॉन्टॅक्ट पाहिला, साफ केला, चार फेऱ्या मारून खात्री केली. नोंदवहीत 'वेळ: चोवीस मिनिटं' लिहिलं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला आता वाटत असेल, पिक्चर जिंकला."

"मला काही वाटत नाहीये. मी सिग्नल बघतोय."

"पुस्तकच चांगलं आहे."

"हो."

सिग्नल हिरवा झाला, मी गाडी काढली. ती खिडकीतून बाहेर बघत होती. जरा वेळाने म्हणाली, "पण लिफ्टमध्ये पुस्तक चालत नाही. माणूस आधी बाहेर यावा लागतो."

मी मान डोलावली. डोळे भरून आले होते, आणि गाडी चालवताना ते बरं नाही. ती बाहेरच बघत होती, पण तिने हात लांब करून माझ्या बाजूचं काचेवरचं झापड खाली ओढलं. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाली.

ऊन मागून येत होतं. बुटाच्या दुकानासमोर जागा मिळेपर्यंत झापड तसंच राहू दिलं.